मानाची पुढची सीट

मृणालिनीताईंना सायकल येत नव्हती. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक त्या स्वतः आणि दुसरी त्यांची कॉलेजातली मैत्रीण नीलिमा, जिच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून त्यांनी चार वर्षं टिळक रोड पालथा घातला होता. नीलिमा आता बडोद्याला लेकीकडे असते आणि तिला हल्ली सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही, त्यामुळे त्या बाजूने काळजी नव्हती.

बाकी सगळ्यांचा समज वेगळा होता आणि तो ताईंनीच करून दिला होता. त्यांना बघायला मंडळी आली तेव्हा "कॉलेजला कशी जातेस?" या प्रश्नावर त्यांनी "सायकलवरून" असं झोकात उत्तर दिलं. कॅरिअरचा उल्लेख तेवढा राहून गेला. एकदा राहिला तो राहिलाच. पुढच्या चाळीस वर्षांत त्या गोष्टीला फाटे फुटत गेले. मुसळधार पाऊस आला, लकडी पूल आला, शेवटी तर दोन्ही हात सोडून उतारावरून येणंही आलं. नवरा कौतुकाने पाहुण्यांना सांगायचा, मुलगा मकरंद ते ऐकत लहानाचा मोठा झाला. घरात आधी स्कूटर होती, मग मोटार आली, आणि सायकल चालवून दाखवा असं म्हणायची कुणावर वेळच आली नाही.

आता ती आली होती, आणि तीही न्यूझीलंडमध्ये.

झालं होतं असं. मकरंद आणि त्याची बायको उत्तरा दोघंही ख्राइस्टचर्चमध्ये इंजिनिअर. उत्तराला नवी नोकरी लागली, ईस्टरनंतर रुजू व्हायचं होतं. दोघांनाही सकाळी सातला घर सोडावं लागणार, आणि साडेतीन वर्षांच्या अनुष्काची किंडी, म्हणजे तिथली बालवाडी, उघडणार पावणेनऊला. किंडी घरापासून तीन किलोमीटर. नदीच्या कडेने सायकलींचा सुंदर रस्ता, त्यावर एकही मोटार नाही. बस होती, पण ती भलत्याच दिशेला जायची. म्हणून फेब्रुवारीत मकरंदने पुण्याला फोन करून विचारलं, "आई, तुला सायकल येते ना अजून?"

मृणालिनीताई तेव्हा सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये एकट्या बसल्या होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून त्या एका खोलीत टीव्ही आणि दुसऱ्या खोलीत रेडिओ लावून ठेवत, आणि मग दोन्हींच्या गलक्यात त्यांना आणखीच एकटं वाटे. त्या ताबडतोब म्हणाल्या, "येते म्हणजे? पुण्याची आहे मी!"

त्या एका वाक्यावर आधी ठरलेलं सहा आठवड्यांचं तिकीट सहा महिन्यांचं झालं. मकरंदने बॅटरीवर चालणारी सायकल घेतली आणि तिला मागे जोडायचा पिवळाधमक ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे दोन चाकांची छोटी गाडी, तिच्यात पट्टा लावून अनुष्काने बसायचं आणि आजीने ओढायचं.

खरं तर या कामाला हुकमी माणूस घरातच होतं. उत्तराची आई कांचनताई जानेवारीपासून तिथेच होत्या. फलटण तालुक्यात तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेली बाई. लशींचा डबा कॅरिअरला बांधून कालव्याच्या रस्त्याने गावोगाव सायकल मारलेली. पण फेब्रुवारीत त्यांनी एकाएकी जाहीर केलं की त्यांचे गुडघे गेले. जिना चढताना कळ येते, सायकल आता विसरा. त्यांचं परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं होतं आणि ते तसंच राहिलं. घरात पाहुण्यांची खोली एकच, तिच्यात सध्या दोघी विहिणी राहत होत्या आणि खिडकीकडची बाजू तुम्ही घ्या, नाही तुम्हीच घ्या, यात रोजची पंधरा मिनिटं जात होती.

थोडक्यात, मृणालिनीताईंचं बिंग फुटलं तर कांचनताईंना गुडघ्यांसकट थांबावं लागणार होतं, आणि मृणालिनीताईंना परत जाऊन टीव्ही आणि रेडिओ लावावा लागणार होता.

आल्यापासूनचे पंधरा दिवस त्यांनी कसेबसे काढले. आधी विमानाचा शीण, मग सर्दी, मग वारा. ख्राइस्टचर्चचा वारा त्यांच्या मदतीला धावून यायचा. पण एके दिवशी वाराही पडला. रस्त्याच्या उलट्या बाजूची सवय नाही म्हणावं, तर हा देशही नेमका डाव्या बाजूने चालणारा. शेवटी उत्तराने म्हटलं, "आई, ईस्टरच्या सुट्टीत आपण सायकलची ट्रेल करू या. क्लूथा नदीच्या काठाने. गाड्या नाहीत, फारसे चढ नाहीत. तुमची प्रॅक्टिस होईल."

उत्तरा पुलांची इंजिनिअर. वजन ठेवून बघितल्याशिवाय पुलावरून गाडी न सोडणारी बाई. सासूबाईंच्या मागे लेकीला बांधण्याआधी ती सासूबाईंची चाचणी घेणार होती, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. मृणालिनीताईंनाही हे कळत होतं.

ख्राइस्टचर्चहून सहा-सात तास गाडी हाणून सगळे रॉक्सबरोला पोचले. तिथे एका सफरचंदाच्या बागेतल्या जुन्या शेडमध्ये सायकली भाड्याने मिळायच्या. मालकाचं नाव ग्रॅहम. दुसऱ्या दिवशी, एप्रिलची बोचरी सकाळ, तोंडातून वाफ निघत होती, आणि हा गृहस्थ अर्ध्या चड्डीत आणि जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या रबरी सपातांमध्ये, हिंडत होता.

"किया ओरा!" ग्रॅहमने तिथल्या माओरी भाषेत रामराम केला, आणि शेडमधून त्याने एक विलक्षण वाहन ढकलत बाहेर आणलं.

ती दोघांची सायकल होती, पण एकामागे एक बसायची नेहमीची नव्हे. पुढे चक्क आरामखुर्ची होती. पाठ टेकायची, पाय समोर लांब सोडायचे, तिथे पॅडल होतं, पण मारलं तर मारलं. मागे मात्र साधी सायकलची सीट, आणि हँडल, ब्रेक, गिअर, घंटी, बॅटरीचं बटण सगळं मागच्याच्या हातात. पुढच्याने फक्त नदी बघायची.

"हे मी खास मागवलंय," आईच्या हातात हँडल देत मकरंद खुशीत म्हणाला. "मम्मींच्या गुडघ्यांसाठी. मम्मी पुढे आरामात बसतील आणि आई मागून चालवेल."

मृणालिनीताईंचा सगळा हिशेबच चुकला. ट्रेलर शेवटी येईल, त्याआधी काहीतरी सुचेल, अशा हिशेबाने त्या आल्या होत्या. इथे पहिल्याच फटक्यात विहिणीला मांडीवर घेतल्यासारखं पुढे बसवून नदीकाठाने न्यायचं होतं. नदी खाली हिरवीनिळी, रोंरावत चालली होती. आता बोलावं, आत्ताच बोलून मोकळं व्हावं, असं त्यांना वाटलं, आणि तेवढ्यात कांचनताई दोन पावलं मागे सरल्या.

"मी पुढे? छे छे," त्या म्हणाल्या. "वरमाईंनी मला ढकलत न्यायचं आणि मी महाराणीसारखी पाय पसरून बसायचं? हे मला नाही जमणार जावईबापू. फलटणला कळलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"मम्मी, फलटणला कोण सांगणार आहे?" उत्तरा वैतागून म्हणाली. "इथे आपण आणि मेंढ्या."

"मुलाकडच्यांचा मान तो मान. पुढं ताईच बसतील."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नऊ वर्षांपूर्वी या लग्नात मृणालिनीताईंनी निरोप धाडला होता की आम्ही मानपान मानत नाही. साड्या नकोत, सुपाऱ्या नकोत, विहिणीची पंगत नको. कांचनताईंनी येवल्याला जाऊन हौसेने आणलेली पैठणी त्यांनी हात जोडून परत केली होती. आपल्या पुढारलेपणाची ही हकिकत त्या नऊ वर्षं जो भेटेल त्याला ऐकवत आल्या होत्या. त्याच मृणालिनीताई आता क्षणभरही न दवडता पुढे झाल्या आणि त्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

"कांचनताई म्हणतायत ते बरोबर आहे," पट्टा शोधत त्या म्हणाल्या. "काही गोष्टी पाळाव्यात माणसाने."

मकरंद आईकडे बघतच राहिला. "आई, तू? अगं, आणि मम्मींचे गुडघे?"

"बॅटरी आहे ना," कांचनताई म्हणाल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

ग्रॅहमने हा सगळा संवाद एकही शब्द न कळता लक्षपूर्वक ऐकला, दोघींना हेल्मेटं घातली आणि "स्वीट ॲज" म्हणजे झकास, असं म्हणून अंगठा वर केला.

उत्तराच्या कपाळावर आठी होती. पण अनुष्का ट्रेलरमधून "गो, गो, गो!" म्हणून ओरडत होती. मकरंदने तिला ओढत सुरुवात केली, उत्तरा त्याच्यामागे निघाली, आणि विहिणींचं वाहन सगळ्यात शेवटी निघालं.

पहिली दहा मिनिटं मृणालिनीताईंनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. मग लक्षात आलं की आपण पडत नाही आहोत. डोळे उघडले तर काय! एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पिवळे झालेले पॉपलर, मधून बारीक खडीची स्वच्छ वाट, आणि त्या सगळ्यात आधी त्यांचे स्वतःचे पांढरे बूट पुढे पुढे चाललेले. नीलिमाच्या कॅरिअरवर बसून त्यांनी चार वर्षं फक्त नीलिमाची वेणी पाहिली होती. इथे समोर सगळं मोकळं होतं. त्यांना भलतीच मजा वाटू लागली आणि मजा वाटतेय याची थोडी लाजही वाटली.

दुसरी गोष्ट लक्षात यायला आणखी थोडा वेळ लागला. वाट मध्येच टेकाडावर चढली. पुढे मकरंद धापा टाकत उतरून सायकल ढकलू लागला, उत्तराही उतरली. विहिणींची सायकल मात्र न थांबता, न डगमगता वर गेली, जावयाला मागे टाकून. मागून कांचनताईंनी जाता जाता घंटी वाजवली.

"बॅटरी चांगलीय हं," मृणालिनीताई म्हणाल्या.

"व्हय, चांगलीय," मागून आवाज आला. श्वास अगदी संथ होता.

मृणालिनीताईंनी मान वळवून पाहिलं. बॅटरीचा हिरवा दिवा हँडलच्या खाली, त्यांच्या डोक्याशीच होता, आणि तो बंद होता. ग्रॅहमने तो लावलाच नव्हता, किंवा लावलेला कांचनताईंनी सवयीने काटकसर म्हणून बंद केला होता. गुडघे गेलेली बाई निव्वळ पायांच्या जोरावर अख्खी वरमाई टेकाडावर चढवून आली होती.

मृणालिनीताईंनी मान पुन्हा समोर वळवली. ज्याचं स्वतःचं घर काचेचं असतं त्याने उगाच खिडक्या वाजवू नयेत, एवढं त्यांना कळत होतं.

जेवणाला सगळे मिलर्स फ्लॅटला थांबले. हिरवळीवर चादर पसरली, उत्तराने डबे उघडले. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि वाटेतल्या बागेतून घेतलेली सफरचंदं. बाजूला बसलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याने त्या आरामखुर्चीच्या सायकलचं कौतुक केलं आणि कांचनताईंनी त्यांच्या हातात दोन पुऱ्या ठेवल्या. अनुष्का पुरी तोंडात धरून गवतावर लोळत होती. सगळं इतकं छान चाललं होतं की मृणालिनीताई बेसावध राहिल्या.

"आई," उत्तरा म्हणाली, "आता इथून पुढच्या पुलापर्यंत तुम्ही मम्मींबरोबर या. पुलापासून आपला मुक्काम बरोबर तीन किलोमीटर आहे, मी मॅपवर बघितलं. म्हणजे किंडीइतकंच. तेवढं अंतर तुम्ही माझी सायकल घ्या, ट्रेलर लावून. मी शेजारून येईन. मंगळवारी खरंच न्यायचंय ना तिला."

"हो, हो. का नाही?" मृणालिनीताई म्हणाल्या. हातातली पुरी त्यांनी तशीच डब्यात परत ठेवली.

"आजी विल टेक मी?" अनुष्काने उठून बसत विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. "सुपर फास्ट?"

"सुपर फास्ट," आजी म्हणाली.

जेवणानंतर तरुण मंडळी पुन्हा पुढे गेली. विहिणींची सायकल आता रमतगमत चालली होती. मृणालिनीताईंना नदी दिसत नव्हती, झाडं दिसत नव्हती. पाय मुरगळला म्हणावं का? आज सुटेन, पण मंगळवारी काय? चक्कर आली म्हणावं? मग डॉक्टर, मग तपासण्या, मग तर उद्याच्या विमानात बसवतील. आणि मग एक विचार आला आणि बसला तो हलेचना. समजा धीर करून हँडल धरलं आणि कशीबशी दोन वळणं गेलो. मागे पट्ट्यात बांधलेली अनुष्का. बाजूला नदी. आपण आपल्या थापेला त्या पोरीला बांधणार आहोत.

"कांचनताई," त्या समोर बघतच म्हणाल्या. समोरासमोर हे बोलता आलं नसतं. एकीचं तोंड दुसरीला दिसत नव्हतं, ही या सायकलची मोठीच सोय होती. "मला सायकल येत नाही."

खडी तेवढी चाकाखाली करकरत राहिली.

"ऐकलंत का?"

"ऐकलं की. मला शेडपाशीच कळलं होतं," कांचनताई म्हणाल्या. "सायकल आणून उभी केली तेव्हा जावयानं तुम्हाला हँडल धरायला दिलं, आणि तुम्ही ते म्हशीची शिंगं धरावीत तसं धरलंत. तीस वर्षं सायकल मारलीय मी. सायकल येणारा माणूस हँडलला घाबरत नाही."

"म्हणून तुम्ही मानपान काढलंत?"

"दुसरं काय काढणार? मुलीच्या सासूला चारचौघांत 'तुम्हाला येत नाही' म्हणू? आणि खरं सांगू का ताई? माझी हौस पण होती. ती पैठणी तुम्ही परत पाठवलीत ना, त्या दिवशी मी रडले होते. येवल्यात एक दिवस मुक्काम करून आणली होती. तुम्हाला वाटलं तुम्ही आमचा खर्च वाचवला. आमच्याकडं बायका म्हणाल्या, हिच्या हातचं त्यांना चालत नाही."

नऊ वर्षं ज्या गोष्टीबद्दल मृणालिनीताईंनी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती तिच्याबद्दल त्यांना भर उन्हात शरम वाटली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून फारसं निघत नसे, त्यामुळे ते जरा खरखरीत निघालं.

"जाऊ द्या. आज बसलात ना पुढं."

"आणि तुमचे गुडघे?" मृणालिनीताईंनी विचारलं. आता काचेच्या घराची पर्वा करायचं कारण उरलं नव्हतं.

मागून आधी हसू आलं. "गुडघे ठणठणीत आहेत. मला घरी जायचंय हो. मालक तिकडं एकटे, काय खातात देव जाणे. आणि इथं करमत नाही मला. शेजारीपाजारी सगळी गोड हसणारी. एक बाई कधी कुंपणावरून भांडायला येत नाही. पण लेक म्हणाली, 'मम्मी, सहा महिने राहा', तर तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? तिला वाटेल आईला माझं काही नाही. म्हणून गुडघे काढले."

मृणालिनीताई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू येऊ लागलं. इकडे एक बाई राहायला मिळावं म्हणून पाय चालतात म्हणत होती आणि दुसरी जायला मिळावं म्हणून पाय चालत नाहीत म्हणत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात वाटेच्या वळणावर पूल दिसला, आणि पुलाच्या अलीकडे मकरंद, उत्तरा आणि तो पिवळा ट्रेलर.

"ताई, तुम्ही काही बोलू नका," कांचनताई घाईने कुजबुजल्या. "मी बघते."

उत्तराने सगळी तयारी करून ठेवली होती. ट्रेलर तिच्या सायकलला जोडला होता, सीट खाली केली होती, अनुष्काला आत बसवून पट्टा आवळला होता. तिने हँडल सासूबाईंच्या पुढे केलं. मृणालिनीताईंनी ते धरलं, म्हशीची शिंगं धरावीत तसंच.

"आई गं! मेले! गुडघा!"

सगळे गर्रकन वळले. कांचनताई वाटेच्या मधोमध बसकण मारून दोन्ही हातांनी पाय धरून विव्हळत होत्या. तीस वर्षं त्यांनी इंजेक्शनला घाबरणारी माणसं जवळून बघितली होती, त्यामुळे अभिनयात कसर नव्हती. उत्तरा धावली, मकरंद पाण्याची बाटली घेऊन धावला. "हेलिकॉप्टर मागवू का?" असंही तो म्हणाला. कांचनताईंनी विव्हळता विव्हळता मृणालिनीताईंकडे बघून डोळे मोठे केले. त्याचा अर्थ स्पष्ट होता: सुटलात, आता गप्प बसा.

मृणालिनीताई खरंच सुटल्या होत्या. आता कुणी चाचणी घेणार नव्हतं. उत्तरा आईचा पाय चोळत बसेल, सगळे गाडी मागवून मुक्कामाला जातील, आणि मंगळवारी सकाळी सात वाजता दोघं कामावर गेल्यावर त्या, ही सायकल आणि ही पोर, एवढेच उरतील. त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं. अनुष्का आतून दोन्ही हात वर करून वाट बघत होती. तिला आजीची अजिबात भीती वाटत नव्हती.

"मला सायकल येत नाही," मृणालिनीताई म्हणाल्या.

कुणी लक्ष दिलं नाही. मग त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "मकरंद, मला सायकल येत नाही!"

कांचनताईंचं विव्हळणं मध्येच थांबलं.

"म्हणजे सवय गेलीय?" मकरंदने विचारलं.

"सवय नव्हतीच. कधीच नव्हती. मी नीलिमाच्या कॅरिअरवर बसायचे."

"पण लकडी पूल? हात सोडून?"

"हात सोडूनच बसायचे. कॅरिअरला धरायला काय असतं?"

मकरंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चाळिशीला आलेला माणूस, पण लहानपणीची एक अख्खी शूर आई त्याच्या डोळ्यांसमोर सायकलवरून उतरून कॅरिअरवर जाऊन बसली होती. उत्तरा आईचा पाय सोडून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि ती तो लपवत नव्हती.

"आई, मी हिला बांधलं होतं आत," ती म्हणाली. "मंगळवारी तुम्ही एकट्या घेऊन निघाला असतात. का सांगितलंत येतं म्हणून?"

"कारण त्याने विचारलं, सायकल येते का," मृणालिनीताई म्हणाल्या. "त्याने तेवढंच विचारलं गं. आई, तू आमच्याकडे राहायला येशील का, असं विचारलं असतं तर मला खोटं कशाला बोलावं लागलं असतं?"

मकरंदने मान खाली घातली. उत्तराचा राग कुठल्या कुठे गेला आणि ती गोंधळून आपल्या आईकडे वळली.

"मग मम्मी, आता तुलाच..." ती थांबली. झाल्या प्रकाराने ती शहाणी झाली होती. "मम्मी, तुला राहायचंय का?"

"नाही," कांचनताई म्हणाल्या आणि टुणकन उठून उभ्या राहिल्या.

"तुझा गुडघा!"

"तोच सांगतोय, घरी जा म्हणून. बाळंतपणाला बोलाव, तेव्हा वर्षभर राहीन. पण हे शाळेत सोडायचं काम नाही मला जमायचं. माझं मन तिकडं आहे. वाईट वाटून घेऊ नको."

उत्तराला वाईट वाटलंच, पण ती हसलीही, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे तिला नाक पुसायला रुमाल शोधावा लागला. मग तिच्यातली इंजिनिअर जागी झाली. "मग किंडीचं काय करायचं? गाडी दोघींना येत नाही, सायकल एकीला येत नाही आणि दुसरी थांबत नाही."

"किती लांब आहे म्हणालीस?" मृणालिनीताईंनी विचारलं.

"तीन किलोमीटर."

"मग चालत नेईन की. रोज सकाळी पर्वती चढते मी."

मकरंद आणि उत्तरा एकमेकांकडे बघू लागले. बॅटरीची सायकल, ट्रेलर, हेल्मेटं, नकाशे, चाचणी, सगळं झालं होतं. पण इतकी वर्षं ख्राइस्टचर्चमध्ये मोटारीने फिरलेल्या त्या दोघांना ही गोष्ट सुचली नव्हती, की माणसाला पाय असतात.

"बाबागाडी घेतली तर पाऊण तास," उत्तरा हिशेब करत म्हणाली. "आठला निघायचं."

"साडेसातला निघू," मृणालिनीताई म्हणाल्या. मग आपण राहणार असं गृहीत धरून बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

मकरंद आईजवळ आला. त्याने तिच्या हातातून ते हँडल सोडवून घेतलं, कारण ते तिने अजून घट्ट धरलेलं होतं. "आई," तो म्हणाला, "राहशील का आमच्याकडे?"

एरवी मृणालिनीताईंकडे कुठल्याही प्रश्नाला तीन वाक्यांचं उत्तर तयार असे, पहिलं वाक्य पुण्याबद्दल. आत्ता त्यांनी नुसती होकाराची मान हलवली, आणि मग ती कुणाला नीट दिसली नसेल अशी शंका येऊन पुन्हा हलवली.

"आर वी गोइंग ऑर नॉट?" अनुष्का ट्रेलरमधून ओरडली.

तिला पट्टा सोडून खाली उतरवलं. राहिलेले तीन किलोमीटर ती आजीचं बोट धरून चालली. कांचनताई एकट्याच ती आरामखुर्ची पळवत घंटी वाजवत पुढे निघून गेल्या. उत्तराचा पाऊण तासाचा हिशेब साफ चुकला. दीड तास लागला, कारण अनुष्काला वाटेतला प्रत्येक दगड नदीत टाकून बघायचा होता, आणि आजीला कुठेही जायची घाई नव्हती.